चारी चाकं ओढणारी गाडी

शेंद्र्याच्या बन्सी तुपेला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा अर्धी भाकर ताटात ठेवून तो अंगणात यायचा, टेम्पोच्या टायरला एक लाथ घालून हवा बघायचा आणि परत आत जाऊन उरलेली भाकर कालवणात कुस्करायचा. त्याची आई चतुराबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्याच्या येळंला कळा सुरू झाल्या तव्हा मी पाण्याला निघाले व्हते. तिथूनच ह्याच्या पायाला भिंगरी लागली."

खरं तर भिंगरी नंतर लागली होती. बन्सी वीस वर्षांचा असताना तुप्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली. त्या जमिनीत त्याच्या वडिलांनी, फकिरानं, चार उन्हाळे खपून खणलेली विहीर होती. यंत्रं आली आणि दोन दिवसांत विहीर बुजून सपाट झाली. मोबदला मिळाला, त्यातून घर झालं, बहिणीचं लग्न झालं. बन्सीला एका कंपनीत कामही मिळालं. तिथं सरकत्या पट्ट्याजवळ उभं राहून दिवसभर एकाच मापाचे नट आवळायचे. चौदा महिने त्यानं ते केलं. एके दुपारी पाणी प्यायला म्हणून फाटकाबाहेर आला तो परत आत गेलाच नाही.

मग त्यानं मोटारी काढायचं काम धरलं. बोअरमध्ये दोन-तीनशे फुटांवर सोडलेली मोटार जळली की ती वर ओढून काढायची, शहरात नेऊन तिची तार नव्यानं भरून आणायची आणि पुन्हा खाली सोडायची. तीन पायांचा लोखंडी घोडा, चेनकप्पी, पान्हे आणि दोन गडी, एवढं त्याचं भांडवल. रोज नवं शेत, नवं गाव, नवं पाणी. हे काम मात्र त्याच्या पायांना मानवलं. बोअरच्या तोंडाशी वाकून तो दोर हातात धरायचा आणि खालून मोटार हलली की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी हरवलेलं माणूस हाक देऊन गेलं असावं.

बायको आशाबाई त्याच्या अगदी उलट. बोलणं कमी, काम पक्कं. तिनं कंपनीतल्या कामगारांना जेवणाचे डबे द्यायला सुरुवात केली होती, आठाचे होता होता बासष्ट झाले. पहाटे उठून ती चुलीला लागायची आणि बाराच्या ठोक्याला डबे कंपनीच्या फाटकावर पोचलेच पाहिजेत असा तिचा नेम होता. घरात गाडी एकच, बन्सीचा छोटा टेम्पो. सकाळी त्यात घोडा आणि पाईप, दुपारी डबे, अधूनमधून गुडघ्यांनी बेजार झालेली चतुराबाई. उन्हाळाभर हे निभायचं. पावसाळा आला की काळी जमीन चाकांना धरून बसायची आणि बन्सीच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची.

एका भादव्यात ती घालमेल टोकाला गेली. दौलताबादच्या किल्ल्यामागं आप्पासाहेबांची सीताफळाची बाग आणि वीस गाईंचा गोठा होता. वीज पडली आणि त्यांच्या बोअरची मोटार जळली. नाल्याला पाणी होतं, पण ते गढूळ, गाई तोंड लावीनात. बन्सीनं हिशेब केला की सकाळी सातला पोचायचं, दहापर्यंत मोटार वर, बाराच्या आत शेंद्र्याला परत. पण बागेच्या अलीकडच्या नाल्यात टेम्पो उतरला तो तिथंच बसला. मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरली, चिखल उडवत खाली खाली गेली आणि हौदा मातीला टेकला. बन्सीनं दगड घातले, कपाशीच्या पळाट्या घातल्या, गोणपाट घातलं. गड्यांनी खांदे लावले. टेम्पो हलेना.

पलीकडच्या काठावर आप्पासाहेब छत्री घेऊन उभे होते. सत्तरीचा माणूस, आवाज खणखणीत.

"बन्सी, माणूस तू लई चांगला हाय. पण पावसाळ्यात तुझा काय उपेग, सांग बरं? पडेगावचा तो जीपवाला येतो चिखलातून. त्यालाच फोन लावला मी."

बन्सीला कुणी तोंडात मारावी तसं झालं. आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. आशाबाई होती.

"कुठं हायत तुम्ही? साडेअकरा झाले."

"नाल्यात."

"नाल्यात म्हंजी?"

"नाल्यात म्हंजी नाल्यात!" तो ओरडला आणि लगेच त्याला वाईट वाटलं.

ट्रॅक्टर येऊन टेम्पो निघेपर्यंत दोन वाजले. आशाबाईनं दोन रिक्षा करून डबे नेले, पण जेवणाची सुट्टी निम्मी संपली होती. फाटकावरचा साहेब तिला एवढंच म्हणाला, "बाई, पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरीकडं बघावं लागेल." ती घरी आली आणि रिकामे डबे घासायला बसली. बन्सी आला तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. तो तिच्याभोवती तीनदा घुटमळला, मग बाहेर जाऊन टेम्पोवरचा वाळलेला चिखल खुरप्यानं खरवडत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताघेता, उभ्यानंच, त्यानं जाहीर केलं, "फोर बाय फोर घ्यायची. ती आली की टेम्पो इकून टाकायचा."

"म्हंजी काय रं?" चतुराबाईनं विचारलं.

"आपल्या टेम्पोची मागचीच चाकं ओढतात, आई. पुढची नुसती घरंगळत जातात. ह्या गाडीची चारी चाकं ओढतात. चिखल असो, चढ असो."

"म्हंजी बैलावाणी."

"व्हय. बैलावाणी."

आशाबाईनं कप धुता धुता सांगितलं, "घ्या. पण नुसती चिखलातली नको. डबे झाकून राहिले पाहिजेत, आत्याबाईंना दवाखान्यात नेताना नीट बसता आलं पाहिजे आणि डिझेल ढोसणारी नको. आपल्याला रोजची गाडी पाहिजे. बारा महिन्यांत चिखल तीन महिने असतो."

त्या दिवसापासून बन्सीच्या डोळ्यांपुढं गाड्याच दिसायला लागल्या. रस्त्यानं उंच गाडी गेली की तो काम सोडून बघत राही. ढाब्यावर चहा अर्धा टाकून तो परक्याच्या पिकअपखाली डोकं घाली आणि मालक ओरडत आला की "काय नाय, बघू राह्यलो" म्हणून गुडघे झटकी. रात्री अंथरुणात त्याचा डावा पाय क्लच नसलेल्या जागी क्लच शोधत हलायचा. एकदा बोअरमधून मोटार वर घेताना त्याचं लक्ष बांधावरून जाणाऱ्या एका गाडीकडं गेलं आणि साखळी दोन हात खाली सुटली. मोटार वाचली, पण गड्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

पहिल्यांदा तो जालना रोडवरच्या एका शोरूमला गेला. चतुराबाईलाही नेलं. तिथं दोन ओळींच्या सीटांची आणि मागं हौदा असलेली नवी कोरी पिकअप चकचकीत फरशीवर उभी होती. टाय लावलेला पोरगेला विक्रेता घडाघडा बोलत होता. बन्सीनं दारं उघडली, मिटली, बॉनेट उघडायला लावलं, खाली वाकून पाहिलं, हौद्यात चढून लांबी पावलांनी मोजली. चतुराबाई दाराशी उभी राहून पायरीकडं बघत होती. पायरी तिच्या गुडघ्याच्या वर होती. विक्रेत्यानं अदबीनं हात दिला. तिनं एक पाय वर टाकला आणि "आई गं" म्हणून खाली घेतला.

"ह्याला शिडी लावून देता का, बाबा?" तिनं विचारलं.

किंमत ऐकल्यावर बन्सीनं पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला आणि म्हणाला, "बरं, चल आई." वाटेत चतुराबाई म्हणाली, "गाडी झ्याक व्हती. पण तीत बसून आपुन कुणाच्या तरी घरी पाव्हणं चाललो असं वाटलं असतं."

मग छावणीत एका निवृत्त सुभेदाराकडं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप असल्याचं कळलं. बन्सी तिच्यात बसला आणि सुभेदारानं ती सरळ एका उतारावरून खड्ड्यात उतरवून वर काढली. बन्सीचं काळीज लहान पोरासारखं नाचलं. पण जीप पेट्रोलवर चालायची, वर नुसतं कापडी छत आणि मागं बसायला दोन लोखंडी बाक. आशाबाई बघायला आली, एक फेरी मारली आणि म्हणाली, "ह्यात डबे न्यायचे का बंदुका?" तेही राहिलं.

शहरात रोशन गेटजवळ रऊफ मिस्त्रीचं गॅरेज होतं. बन्सीचा टेम्पो पंधरा वर्षं त्याच्याच हाताखाली जगला होता. रऊफ मिस्त्री पातळ, पांढऱ्या दाढीचा, तोंडात कायम बडीशेप. त्यानं बन्सीला बजावून सांगितलं, "देखो बन्सीभाऊ, फोर बाय फोर लिखेली गाडी और फोर बाय फोर चलती गाडी, दो अलग बातां हैं. पैसा देने के पहले मेरेकू दिखाना. जल्दी नक्को."

"हौ, हौ," बन्सी म्हणाला. पण जल्दी हाच तर त्याचा रोग होता.

आठवड्याभरानं उस्मानपुऱ्यातल्या काकासाहेबांचा पत्ता लागला. काकासाहेब रस्त्यांची, कालव्यांची ठेकेदारी करायचे. आता वय झालं म्हणून पसारा आवरत होते. त्यांच्या बंगल्याच्या अंगणात आंब्याखाली एक पांढरी पिकअप उभी होती. दोन ओळींच्या सीटा, मागं हौदा, दाराखाली बेताची पायरी आणि बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं फोर बाय फोर. दहा वर्षांची गाडी, पण रंग शाबूत. बन्सीनं किल्ली फिरवली. इंजिन एकाच हाकेत जागं झालं आणि एका सुरात बोलायला लागलं. गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा होता, चारी चाकांना जोर लावायचा. बन्सीनं तो मागं ओढला. कडक् असा आवाज झाला. तो आवाज त्याच्या पार बेंबीपर्यंत गेला.

तेवढ्यात काकासाहेबांचा फोन वाजला. ते कुणाला तरी सांगत होते, "या ना, संध्याकाळी या बघायला. आहे अजून."

झालं. बन्सीच्या पायाखाली जणू निखारे पसरले. त्यानं खिशात हात घालून होते नव्हते तेवढे पैसे काढले आणि काकासाहेबांच्या हातावर इसार म्हणून ठेवले. "माझीच गाडी. बाकीचे आठ दिवसांत."

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली तेव्हा आशाबाई कणीक तिंबत होती. तिचे हात थांबले.

"रऊफभाईला दाखवली?"

"उद्या दाखवतो की."

"म्हंजी आधी लगीन, मग पोरगी बघायची," ती म्हणाली आणि पुन्हा कणीक तिंबायला लागली. पण आता जोरात.

दुसऱ्या दिवशी रऊफ मिस्त्री स्कूटरवर उस्मानपुऱ्याला आला. बॉनेट उघडून त्यानं कान लावला, तेल बोटाला लावून वास घेतला आणि मान डोलावली. "इंजिन सोना है." मग अंगणातल्या फरशीवर गोणपाट टाकून तो गाडीखाली सरकला. बन्सी त्याच्या पायांशी येरझारा घालत राहिला. मग रऊफ मिस्त्रीचा शांत सवाल आला.

"बन्सीभाऊ, आगे का शाफ्ट किधर है?"

"कसला शाफ्ट?"

"अरे, इंजिन का जोर पिछले पहियों को लेके जाता वो दांडा है. अगले पहियों को लेके जाता वो दांडाच नहीं. निकाल लिए किसीने."

बन्सी फरशीवर पालथा पडला आणि खाली बघायला लागला. खरंच, पुढच्या चाकांकडं जाणाऱ्या जागी नुसती हवा होती. तो वरचा छोटा दांडा ओढला की कडक् वाजायचं, पण त्या आवाजापुढं काही नव्हतं. अंगावर फोर बाय फोर लिहिलेली ती त्याच्या टेम्पोचीच थोरली बहीण होती.

बन्सीच्या अंगाचा तिळपापड झाला. तो ओरडत बंगल्याची पायरी चढला. काकासाहेब पूजेतून उठून बाहेर आले. त्यांनी स्वतः वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी दहा वर्षं ह्या गाडीत बसलो," ते म्हणाले. "एकदाही अडकली नाही हो."

"कारण तुम्ही रस्त्यानंच गेलात!" बन्सी म्हणाला.

काकासाहेबांनी जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. तो आता नाशिकला होता. त्यानं बेफिकीरपणे सांगितलं, तो शाफ्ट लई आवाज करायचा, म्हणून पाच वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, पुढं गोदामातल्या भंगाराबरोबर गेला असंल. काकासाहेबांनी फोन खाली ठेवला आणि सरळ म्हणाले, "तुपे, चूक माझ्या घरची आहे. इसार परत घ्या. नाहीतर गाडी घ्यायचीच असेल तर किंमत उतरवून देतो. तुम्ही म्हणाल ते."

आता निर्णय बन्सीनं घ्यायचा होता आणि बन्सीला तो घेता येईना. तो गाडीभोवती फिरायला लागला. एक फेरी झाली की घ्यावी वाटे, दुसरी झाली की नको वाटे. काकासाहेब खुर्ची टाकून बसले. रऊफ मिस्त्रीनं बडीशेप तोंडात टाकली. शेवटी बन्सीनं आशाबाईला बोलावून घेतलं. ती शेंद्र्याहून शहर बसनं आली, घाम पुसत. आल्या आल्या तिनं त्या शाफ्टबद्दल काहीच विचारलं नाही. मागचं दार उघडून ती आत बसली. दार मिटलं. पायांजवळची जागा हातानं चाचपली, सीटाखाली वाकून पाहिलं, काच खालीवर केली. मग उतरली आणि पायरीची उंची आपल्या पोटरीवर मोजली.

"आत्याबाई चढतील. तीस डबे पायाशी बसतील, बाकीचे हौद्यात ताडपत्रीखाली," ती म्हणाली. "रऊफभाई, इंजिन चांगलं हाय ना?"

"एकदम."

"मग एक दांडाच नाय ना? दांडा सापडंल. चांगलं इंजिन सापडत नाय." ती नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला तरी घरी कुठं बसवतं? हिंडा दांड्यासाठी."

काकासाहेब हसले. बन्सीला आधी राग आला, मग तोही हसला. सौदा झाला.

रऊफ मिस्त्रीनं गाडीखाली शिरून सुतळीनं त्या रिकाम्या जागेचं माप घेतलं, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि सुतळी बन्सीच्या हातात दिली. दोन्ही टोकांच्या जोडाचा नमुना कागदावर पेन्सिलीनं काढून दिला. नवा शाफ्ट मागवायचा तर तो तिपटीनं महाग आणि येणार कधी याचा पत्ता नाही. जुनाच शोधायला हवा होता.

सतरा दिवस बन्सी ती सुतळी खिशात घेऊन हिंडला. शहरातला भंगार बाजार त्यानं गल्ली गल्ली पालथा घातला. मालेगावला गेला, मनमाडला गेला. कुठं जाड निघे, कुठं बोटभर आखूड, कुठं जोड वेगळा. मोटारीच्या कामावर जायचा तिथंही गावातल्या लोहाराकडं आधी डोकावायचा. डबे वेळेवर पोचवायचा आणि फाटकावरूनच पुढं निघायचा. त्या दिवसांत त्याची चिडचिड आटली हे फक्त आशाबाईला कळलं. हिंडायचं होतंच, आता त्या हिंडण्याला गाव मिळालं होतं.

अठराव्या दिवशी तो जालन्याला गेला. तिथं पोलादाच्या भट्ट्यांसाठी चहूकडचं भंगार येऊन पडतं. एका आवाराबाहेर लोखंडाचा डोंगर होता आणि त्याच्या पायथ्याशी डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी लोखंड निवडत बसली होती. तिचं नाव मनकर्णाबाई. जाड एकीकडं, पत्रा एकीकडं, बिडाचं ओतीव एकीकडं, असे तिचे ढीग चालले होते. बन्सीनं तिला कागद दाखवला.

"मला वाचता नाय येत."

"वाचायचं नाय, मावशी. असा दांडा पाहिजे. एवढ्या लांबीचा." त्यानं सुतळी ताणून धरली.

मनकर्णाबाईनं सुतळीकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं आणि उठली. ढिगाच्या मागं गेली. तिथं तिच्या झोपडीवजा सावलीचं कापड चार लोखंडी दांड्यांवर ताणलेलं होतं. त्यातल्या एकाकडं तिनं बोट दाखवलं.

बन्सीनं सुतळी लावली. गाठीला गाठ भिडली. दोन्ही टोकांचे जोड हुबेहूब कागदातले.

"लोक हितं इकायला येतात," म्हातारी म्हणाली. "न्यायला आलेला तूच पहिला. घेऊन जा, पण आधी माझी सावली उभी कर."

बन्सीनं गावात जाऊन दोन चांगले बांबू आणले, खड्डे खणून रोवले, कापड घट्ट ताणून बांधलं आणि मग दांडा काढला. आवाराच्या मुकादमाला वजनाचे पैसे दिले, म्हातारीच्या हातावर वेगळे ठेवले. परतीच्या वाटेवर तो शाफ्ट त्यानं टेम्पोच्या हौद्यात न टाकता शेजारच्या सीटवर ठेवला होता.

रऊफ मिस्त्रीनं शाफ्ट खराद मशीनवर लावून सरळ करून घेतला, जोड नवे घातले, गाडीला बसवला. तीन दिवस गेले. किल्ली देताना त्यानं पुढच्या चाकाच्या मधोमध असलेली एक कळ दाखवली. "ध्यान रखो. कीचड में जाने के पहले उतरने का, दोनों अगले पहियों की ये कळ हाथ से घुमाने का, फिर अंदर का दांडा खींचने का. उतरे बिना नहीं होता. समझे?"

"समझे, समझे," म्हणत बन्सीनं गाडी सुरूसुद्धा केली होती.

दोन दिवसांनी आप्पासाहेबांचा फोन आला. पडेगावच्या जीपवाल्यानं सोडलेली मोटार अडकली होती, वर येईना. जीपवाला हात टेकून गेला होता. बन्सीनं घोडा चढवला, गडी घेतले आणि पांढरी पिकअप सकाळीच दौलताबादच्या वाटेला लावली. रात्रभर पाऊस झाला होता. नाल्याशी तो थांबलाच नाही. वरून पाहिलं, पलीकडं आप्पासाहेब दिसले, बन्सीनं आतला दांडा ओढला आणि गाडी सरळ पाण्यात घातली.

मधोमध गाडी बसली. मागची चाकं गरगरली, पुढची गप्प. बन्सीनं पाय दाबला, इंजिन किंचाळलं, चिखलाचे फवारे गड्यांच्या तोंडावर उडाले. पलीकडून आप्पासाहेबांनी छत्री मिटली आणि कपाळाला हात लावला. बन्सीला सगळी पायपीट आठवली. सतरा दिवस, ती सुतळी, तो जालन्याचा डोंगर. त्यानं रऊफ मिस्त्रीला फोन लावला आणि शिव्याच द्यायला सुरुवात केली.

रऊफ मिस्त्रीनं सगळ्या ऐकून घेतल्या. मग विचारलं, "पहिए की कळ घुमाए क्या?"

बन्सीनं फोन खिशात टाकला.

तो खाली उतरला. पाणी मांडीपर्यंत, थंड. पाय चिखलात रुतत होते, उपसून उपसून टाकावे लागत होते. घाई करावी तर पाऊल अडकायचं. तो पुढच्या चाकाशी पोचला, पाण्याखाली हात घालून चाचपत कळ शोधली आणि फिरवली. मग गाडीचं नाक धरून सावकाश दुसऱ्या बाजूला गेला. तिथली कळ चिखलानं गच्च झाली होती. बोटांनी चिखल काढला, थोडं थांबला, श्वास घेतला, फिरवली. वर चढून बसला. पायांवरून पाणी निथळत होतं. दांडा सोडून पुन्हा ओढला आणि पाय अगदी हलका दाबला, आशाबाई दुधाखालचा जाळ कमी करते तसा.

गाडीनं एक हिसका दिला. मग पुढची चाकं जमिनीत बोटं रोवल्यासारखी चिखल धरत गेली आणि पांढरी पिकअप पाण्यातून सरळ वर, आप्पासाहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

आप्पासाहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "कितीला घेतली?" त्यांनी विचारलं.

"आधी मोटार काढू, आप्पा. गाई तहानल्यात."

अडकलेली मोटार काढायला चार तास लागले. घाईनं ओढली असती तर दोर तुटून ती कायमची खाली राहिली असती. बन्सीनं एक हात वर घ्यायचा, अर्धा हात सोडायचा, दोराला कान लावून पुन्हा घ्यायचा, असं करत ती वर आणली. दुपार टळून गेली तेव्हा त्याला एकदम डबे आठवले. फोन पाहिला. आशाबाईचा एकही फोन नव्हता.

तो तसाच तडक शेंद्र्याला आला. अंगणात जुना टेम्पो उभा होता, पुढच्या कोपऱ्याला एक नवा पोचा पडलेला. आशाबाई रिकामे डबे घासत होती.

"डबे?"

"गेले. बाराला पाच कमी असताना."

"कुणी नेले?"

"मी."

चतुराबाई ओट्यावरून म्हणाली, "मी संगं बसले व्हते. एका खांबाला जरासं लागलं. खांब वाईच वाकला."

तेव्हा बन्सीला सगळं कळलं. ज्या सतरा दिवसांत तो भंगार शोधत हिंडत होता, त्या दिवसांत कंपन्यांना सुट्टी असली की आशाबाई शेजारच्या सांडू ड्रायव्हरच्या टेम्पोवर एमआयडीसीतल्या रुंद, ओसाड रस्त्यांवर गाडी शिकत होती. हातात शिकाऊ परवाना होता, पक्क्याची तारीख पुढच्या आठवड्यात होती.

"मला सांगितलं कामून नाय?" बन्सीनं विचारलं.

"तुम्ही शेजारी बसला असता तर मी शिकले असते व्हय?" ती म्हणाली. "आणि हा टेम्पो आता इकायचा नाय. एक गाडी दोन जागी उभी राहत नसती, मग ती चार चाकांनी ओढो का आठ. आजपासून टेम्पो माझा, ती तुमची. पण कागद हातात येईस्तोवर शेजारी सांडूदादा बसंल."

टेम्पोजवळ जाऊन बन्सीनं पोच्यावर हात फिरवला. रऊफ मिस्त्रीकडं नेला तर अर्ध्या तासात निघेल असं त्याला वाटलं, पण तो नेला नाही.

आशाबाईला पक्का परवाना मिळाला, डबे ऐंशीवर गेले. पावसाळ्यात बन्सीला आता कन्नडपासून पैठणपर्यंतची बोलावणी येतात, आणि नाल्याच्या अलीकडं तो गाडी थांबवून उतरतोच. पण बाकी माणूस आहे तसाच आहे. परवाच पिकअपचं काम निघालं म्हणून ती रोशन गेटला होती आणि त्याला बायकोबरोबर टेम्पोत बसून फाटकापर्यंत जावं लागलं. प्रत्येक वळणावर त्याचा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.

"पाय खाली ठेवा," आशाबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "पत्रा फुटंल."

त्यानं पाय खाली घेतला. पुढच्या चौकात लाल दिवा लागला. टेम्पो थांबला. बन्सीनं दाराचा खटका उघडला, खाली उतरला, मागच्या दोन्ही टायरांवर एकेक लाथ घालून हवा पाहिली आणि हिरवा व्हायच्या आत परत येऊन बसला.